शनिवारचे मिस्टर

आमच्या लेआऊटचं बोर्डावर नाव हाय 'निसर्ग विहार'. निसर्ग हाय बापा, भरपूर हाय. माणसंच नाई. परतवाडा रोडवर, वलगावच्या पुढं, फाट्यापासून आत दोन किलोमीटर. मामाजीनं, म्हणजे माह्या सासऱ्यानं, हौसेनं इथं घर बांधलं तवा सारे म्हणत, अमरावती काय, गाडीले किक मारली का पोचलो.

मंग पेट्रोल वाढत गेलं. आधी बाजूच्या संध्याताई शहरात भाड्यानं राहाले गेल्या, मंग समोरचे. ऑटोवाला इकडं यायले नाईच म्हणते. आमचे मिस्टर, सुगत, रोज जात-येत राहिले. यंदा उन्हाळ्यात म्हणाले, "शालू, सारा पगार गाडीच पिऊन राहिली. हापिसातल्या दोघायनं अमरावतीत, राजापेठेत खोली केली. आठवडाभर मी तिथंच राहातो. भाव उतरला का पुन्हा रोज घरी."

"अन् आमी?"

"बाबा हे घर सोडत नाई. त्यायले एकटं कसं ठेवावं?"

बरोबरच होतं. मी राहिली.

शनिवारी सुगत एसटीनं फाट्यावर उतरत, पायी येत. पयले पयले मी फाट्यापर्यंत घ्यायले जात होती. मंग गेटापर्यंत. आता पोळ्या करत राहाते.

या शनिवारी दार सताड उघडं असून त्यायनं बेल वाजवली. मले हसू आलं. "काहून, पाव्हणे हाय का तुमी?" ते बी हसले. जेवताना म्हणाले, "भाजी मस्त झाली." लग्न झाल्यापासून या माणसानं माह्या भाजीले कधी मस्त म्हटलं नव्हतं! असं तं पाव्हणे म्हणते.

रविवारी निघाले, तवा मी सरळ विचारलं, "समजा, उद्याच पेट्रोल स्वस्त झालं. रोज घरी याल?"

त्यायले खोटं बोलता येत नाई. बूट घालता घालता थांबले.

"नाई वं शालू. तिथं हापिसातून चालत खोलीवर येतो. चहा घेतो, पडून राहातो. कोणी काही विचारत नाई. लय बरं वाटते मले."

"दुसरी कोणी हाय का?"

"छे! काहीतरीच काय!"

कोणी असती तं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आता भांडू कोणाशी, खोलीशी? मले राग यायले पायजे होता. आला नाई. रडूही आलं नाई.

आतून मामाजीनं आवाज दिला, "सुगत, शनिवारी लवकर येजो रे!"

सुगत माह्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हो म्हणा त्यायले," मी हळूच म्हटलं.

"हो बाबा," ते म्हणाले, अन् बॅग उचलली.