न हलणारी गोष्ट

"परत हललं," दुर्बिणीवरचा डोळा काढत साळुंखे गुरुजी म्हणाले. "गुंडा, तुझ्या कामात अजून काहीतरी राहिलंय बघ."

गुंडा सुतार शाळेच्या अंगणात उकिडवा बसून दुर्बिणीच्या पाटाखाली बघत होता. त्यानं पाट एका अंगाला दाबला, मग दुसऱ्या अंगाला. पाट जागचा ढळला नाही.

"गुरुजी, ह्यो तर लय घट्ट बसलाय."

"मग शनी काय आभाळात नाचतोय?"

गुंडानं पाट पुन्हा दाबून बघितला. तो चौथीत असताना ह्याच गुरुजींच्या हाताखाली शिकला होता, आणि गुरुजींना उलटून बोलायची सवय त्याला तेव्हाही नव्हती. आता तो कुपवाडच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचा आणि रविवारी सुट्टी मिळाली की एस.टी.नं घाट चढून कोयनानगरला यायचा, केवळ ह्या दुर्बिणीपायी.

दुर्बिणीचा आरसा गुरुजींना विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्रानं दिला होता. नळी जाड पुठ्ठ्याची होती. आधी ती तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावर बसवली, तर वाऱ्याच्या झुळकीनंही थरथरायची. मग गुरुजींना किल्ल्यावरची तोफ आठवली. तोफ कशी दोन बाजूंच्या खाचांत निवांत पडलेली असते, तोंड वर करा, खाली करा. तशीच लाकडी पेटी गुंडानं केली. पेटी फिरायला हवी म्हणून तिच्याखाली दोन गोल पाट, एकावर एक, आणि मधोमध खिळा.

खरी कटकट तिथून सुरू झाली. आधी गुंडानं पाटांच्या मध्ये ट्रकच्या चाकाचं बेअरिंग घातलं, तर वारा आला की दुर्बीण आपली आपण तोंड फिरवून बसायची. मग ग्रीस लावलं. तेव्हा ती आधी अडून राहायची आणि जोर लावला की एकदम उडी मारायची. शेवटी त्यानं कारखान्याच्या भंगारातून नायलॉनचे तीन तुकडे आणले, वरच्या पाटाला खालून सनमायका चिकटवला आणि त्यावर मेणबत्ती घासली. खालच्या पाटाला तीनच पाय होते. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही, हे तो ह्याच शाळेत शिकला होता. त्या तीन पायांच्या बरोबर डोक्यावर त्यानं तीन तुकडे ठोकले, म्हणजे वजन सरळ जमिनीत जाईल. आता बोट लावलं की दुर्बीण लोण्यावरून फिरावी तशी फिरत होती. निदान गुंडाच्या बोटाला तसं वाटत होतं.

"शनी एका जागी थांबत नाही रे," गुरुजी समजावून सांगू लागले. शिकवायला लागले की त्यांचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. "पृथ्वी फिरते, म्हणून तो सारखा कडेला सरकतो. त्याला हलक्या हातानं परत मध्ये आणावं लागतं. मी आणायला गेलो की तो थरथरतो, मग त्याची कडी दिसत नाही. पोरांना काय दाखवू मी? येत्या शुक्रवारी माझा शाळेतला शेवटचा दिवस."

पोरांना दाखवायचं हे वचन जुनं होतं. भूकंप झाला त्या हिवाळ्यात शाळा तंबूत भरायची, आणि नंतर छप्पर उभं राहिलं तरी पोरं त्याच्याखाली बसायला तयार नव्हती. तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "बसा. एक दिवस तुम्हाला न हलणारी गोष्ट दाखवीन." ती पोरं मोठी होऊन पांगली. पण वाक्य शाळेत राहिलं. दर वर्षी पहिलीतलं कुणीतरी विचारायचं, "गुरुजी, ती न हालनारी गोष्ट कवा?"

शाळेच्या शिपाईकामाला असलेल्या रंगूबाई ओसरी झाडून अंगणात आल्या. भूकंपात त्यांचा नवरा भिंतीखाली गेला होता. तेव्हापासून त्या घरात निजत नसत, पडवीत निजत.

"आवं गुरुजी, त्या गुंडाला किती रगडताय? भुई हालत आसंल. वाटी आनू का?"

वाटी म्हणजे गुरुजींच्या टेबलावरची, काठोकाठ पाणी भरलेली. तिच्यातलं पाणी शहारलं की पोरांनी दंगा न करता मैदानात जायचं, ही शिस्त गुरुजींनीच लावली होती.

"आण," गुरुजी म्हणाले. "खरंच बघू."

रंगूबाईंनी वाटी जमिनीवर ठेवली. तिघंही वाकून बघत राहिले. पाण्यात संध्याकाळचं आभाळ होतं आणि ते जराही मोडत नव्हतं.

"भुई न्हाई," रंगूबाई म्हणाल्या.

"मग पेटीवर ठेव. पेटीच हलतेय."

वाटी पेटीच्या कडेवर ठेवली. पाणी क्षणभर डचमळलं आणि निवलं. गुरुजींनी शनी मध्ये आणायला नळीवर हात ठेवला. पाण्यावर बारीक वळ्या उठल्या. एकामागून एक, थांबेचनात.

"बघ," ते गुंडाला म्हणाले. "मी सांगत होतो ना?"

त्यांनी हात काढला. पाणी निवलं.

"तू धर," ते म्हणाले. गुंडानं हात ठेवला. पाणी तसंच. "रंगूबाई, तू." रंगूबाईंनी पदराला हात पुसून नळीवर ठेवला. पाणी तसंच.

गुरुजींनी पुन्हा स्वतःचा हात ठेवला.

गुंडा पटाशीच्या धारेकडे बघत बसला. पाण्यातलं आभाळ तुकडे तुकडे होऊन हलत होतं, आणि गुरुजी त्या पाण्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं कुणी त्यांच्याच घरात शिरून त्यांच्याच खुर्चीत बसावं.

"दमलो असेन," ते शेवटी म्हणाले. मग बराच वेळ हात डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. "रंगूबाई, हे कधीपासून?"

"दिवाळीपास्नं," त्या हळू म्हणाल्या. "च्या बशीत वतायचं सोडलं तुमी, तवापास्नं."

"आणि गुंडा, तुला?"

"आपन कसं म्हनावं, गुरुजी? तुमी म्हनला डुगडुगतंय. मी म्हनलं, डुगडुगत आसंल."

तीन रविवार त्यानं चांगलं काम उकलून पुन्हा केलं होतं.

गुरुजी ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांना काल सकाळचा वर्ग आठवला. पहिलीच्या सगळ्या पाट्यांवर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ वाकडी होती, आणि तीही एकसारखी वाकडी, वाऱ्यानं हललेल्या दोरीसारखी. "असली कसली रेघ काढता रे, डोळे आहेत का बटणं?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना परत लिहायला लावलं होतं. पोरांनी फळ्याकडे बघत बघत, जीभ बाहेर काढून, पुन्हा अगदी तशीच रेघ काढली होती.

त्यांनी मान वर केली.

"पोरांना ठाऊक आहे?"

"पोरं म्हंत्यात, गुरुजींची रेघ आशीच असती," रंगूबाई म्हणाल्या. "त्यास्नी वाटतं, ल्ह्यायचं असंच असतंय."

गुंडाला शेवटची गाडी धरायची होती. जाताना त्यानं पिशवीतून आपला सुताराचा दोरा काढला आणि पायरीवर ठेवला. तो रंगात बुडवायचा, ताणून धरायचा, मधोमध उचलून सोडायचा. सरळ रेघ उमटते.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात दोन पोरी दोऱ्याची टोकं धरून फळ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पाळीपाळीनं एकेकानं येऊन दोरा उचलायचा आणि सोडायचा. टप्. फळ्यावर रेघ पडली की वर्ग हसायचा. गुरुजी खुर्चीत बसून होते. "आता हिच्याखाली अक्षरं टांगा," ते म्हणाले. "मी तुम्हाला चुकीची दाखवली होती."

शुक्रवारी दिवेलागणीला अंगणात रांग लागली. पोरं, त्यांच्या आया, धरणावरचे कामगार. दुर्बिणीपाशी रंगूबाई उभ्या होत्या.

"थोडं पश्चिमेला," गुरुजी बाजूला उभे राहून सांगत होते. "ढकलू नकोस. लेकराला कुशीवर वळवतो ना, तसं."

"कळ्ळं. धा वेळा झालं सांगून."

"आता दिसतो?"

"दिसतो की." रंगूबाईंनी पहिल्यांदाच इतका वेळ डोळा लावला होता. "आवं, ह्याला तर खरंच टोपीच्या काठावानी कडं हाय. आन् हालत न्हाई वं."

एकेक पोर येऊन बघत गेलं. सगळ्यात धाकट्या अंजनाला बाकावर उभं करावं लागलं. तिनं हात पाठीमागं बांधले, कारण दुर्बिणीला हात लावायचा नाही असं गुरुजींनी बजावलं होतं. बघून झाल्यावर ती कुजबुजली, "हीच का ती?"

"हीच," गुरुजी म्हणाले.

रांग संपली तेव्हा रंगूबाई म्हणाल्या, "आन् तुमी? तुमी बघनार न्हाई?"

गुरुजी पुढं आले. अंजनासारखेच त्यांनी हात पाठीमागं नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि वाकून डोळा लावला.

शनी होता. कड्यासकट, स्वच्छ, कुणी कोरून ठेवल्यासारखा. चार महिन्यांत त्यांनी तो असा एकदाही बघितला नव्हता. हळूहळू तो कडेकडे सरकू लागला.

"आनू का मधी?" रंगूबाईंनी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "जाऊ दे त्याला."

शनी काठाला टेकला, अर्धा झाला आणि दिसेनासा झाला. गुरुजी तसेच वाकून, मनगट घट्ट धरून, रिकाम्या काळ्या गोलाकडे बघत राहिले.