उजव्या बाजूचे मासे

"उजव्या बाजूला टाका!" ओमुरबेक नावेतून ओरडला आणि काठावरच्या दोनशे माणसांनी श्वास रोखला.

ऑक्टोबरातलं इसिक-कूल तळं. सकाळची बोचरी हवा. माझा धाकटा भाऊ तेमिरकुल रात्रभर तळ्यात होता, मिळाल्या होत्या चार बोटभर मासळ्या. आता ओमुरबेकच्या नावेत चढून त्याने जाळं उजवीकडे सोडलं आणि थोड्या वेळाने ओढायला घेतलं तर नाव कलली. हातभर लांबीचे ट्राउट, चाळीस तरी! बायका रडू लागल्या, पुरुषांनी वाळूत गुडघे टेकले.

राजधानी बिश्केकहून आलेला हा ओमुरबेक स्वतःला प्रेषित म्हणवून घेई. पांढरा कोट, हातात माइक आणि जिभेला हाड नाही.

"दोन हजार वर्षांपूर्वी प्रभूने मच्छीमारांना बोलावलं. ते जाळी सोडून त्याच्या मागे गेले. आज तोच प्रभू तुमच्या तळ्यावर आलाय! तेमिरकुल, माझ्यामागे ये!"

"येतो," तेमिरकुल म्हणाला. तो ओक्साबोक्शी रडत होता.

"काय सोडून येतोस? जाळी कोणीही सोडेल. तुझा खरा भरवसा कशावर आहे?"

तेमिरकुलने खाली पाहिलं. "पोरीच्या सुईवर."

"मग तीच सोड!"

सायकाल त्याची एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची. पाचव्या वर्षापासून रोज इन्सुलिन घेते. आई मॉस्कोत एका खानावळीत राबते, म्हणून पोरीचं सगळं तेमिरकुल आणि मीच बघतो. भाऊ घरी गेला, सगळ्या बाटल्या घेऊन आला आणि एकेक करून तळ्यात फेकल्या. मी धावले, तर चार बायकांनी मला धरून ठेवलं. "बुबुसारा, आडवी येऊ नकोस, पाप लागेल!" मी घसा फुटेस्तोवर ओरडले. पण ज्याच्या हाती माइक, त्याचंच लोक ऐकतात.

दुपारी काठावर मेजवानी झाली. प्रेषिताचं फर्मान होतं, "हे साक्षीचे मासे. यांना सुरी लावायची नाही. अख्खेच कढईत टाका." शेजारीण बातमा संध्याकाळी एक कच्चा मासा घेऊन आली. आमच्याकडे मेजवानीतून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही, घरी राहिलेल्याचा वाटा आणावाच लागतो. "सायकालचा वाटा. शिजलेला उरला नाही," ती म्हणाली. मी रागाने तो ओसरीवर टांगून ठेवला.

रात्रीपासून सायकाल घागरीने पाणी पिऊ लागली. पहाटे उलट्या सुरू झाल्या. मी रुग्णवाहिका बोलावली, ती आलीही, पण बापाने दारातूनच परत पाठवली. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात. जिल्ह्याचं इस्पितळ साठ किलोमीटरवर.

"एजे, मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. मोठ्या बहिणीचा मान ठेवून बोलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. "ही परीक्षा आहे." आणि तो काठावर निघून गेला, दुसऱ्या दिवशीचा चमत्कार बघायला.

मी पोरीला म्हटलं, "ऊठ, रस्त्यावर जाऊ, कोणाची तरी गाडी मिळेल."

"नको आत्या." तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदाचा वास येत होता. "मी सुई घेतली तर बाबांचं बोलावणं मोडेल. ते पहिल्यांदाच खूश आहेत."

तेरा वर्षांचं लेकरू बापाच्या आनंदासाठी मरायला तयार झालं होतं.

पोटात काहीतरी जावं म्हणून सूप करावं असं वाटलं. मासा उतरवला आणि सुरी घेतली. पाप तर पाप! मी मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मासे चिरलेत. पोट उघडलं आणि हात थांबला. आत तपकिरी गोळ्या होत्या, एकसारख्या, मटाराएवढ्या. तळ्यातला ट्राउट लहान मासे खातो. गोळ्या खातो तो पिंजऱ्यात पाळलेला. मग शेपटी पाहिली, जाळीला घासून बोथट झालेली. कल्ल्यामागे जाळ्याच्या दोऱ्याची खूणही नव्हती. हा मासा जाळ्यात सापडलाच नव्हता, जाळ्यात ओतला होता. सुरी का लावायची नाही, तेही कळलं. पोटातलं शिजून लगदा झालं की कोण ओळखणार?

बातमाला पोरीजवळ बसवलं आणि मासा घेऊन पळत सुटले.

काठावर कालचाच खेळ चालला होता. ओमुरबेक नावेत उभा. "उजव्या बाजूला..."

"थांबा!" मी चिरलेला मासा लोकांसमोर धरला. "हे बघा याच्या पोटात काय आहे!"

ओमुरबेक हसला. "प्रभू आकाशातल्या पाखरांना खाऊ घालतो, बाई. माशांनाही घातलं."

"कारखान्यातल्या गोळ्या? पोत्याने विकत घेतो का तुझा प्रभू?"

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात म्हातारा साग्यन पुढे आला. आमच्या गावातल्या दहा-बारा ख्रिस्ती घरांची प्रार्थना वीस वर्षं त्याच्याच ओसरीवर होते. त्याने आपली होडी ढकलली, ओमुरबेकच्या नावेच्या उजव्या अंगाला नेली आणि आकडीची काठी पाण्यात घातली. काठी दोरीला अडकली. त्याने ओढलं. दगड बांधून बुडवलेली भलीमोठी जाळीची पिशवी वर आली, तोंडाला सुटी गाठ, आत तडफडणारे ट्राउट. दोरीचं दुसरं टोक नावेत ओमुरबेकमागे बसलेल्या त्याच्या मदतनिसाच्या हातात होतं. त्याने ते घाईघाईने सोडलं, पण दोनशे माणसांनी पाहिलं होतं.

ओमुरबेक माइकमधून काहीतरी बरळत होता. कोणी ऐकेना.

तेमिरकुल गुडघाभर पाण्यात उभा होता. साग्यनने होडी त्याच्याजवळ आणली.

"अक्साकाल," म्हाताऱ्याला मानाने हाक मारत तेमिरकुल पुटपुटला, "मला वाटलं प्रभूनेच बोलावलं."

"बोलावतो ना. मलाही बोलावलं, मी दारू सोडली. दारू माझी होती. तू काय सोडलंस? ते तुझं होतं का?"

तेमिरकुल धावत सुटला.

साठ किलोमीटर त्याने गाडी कशी हाकली, मला आठवत नाही. सायकालची मान माझ्या मांडीवर होती, ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावता लावता एकच प्रश्न विचारला, "शेवटचं इन्सुलिन कधी?" भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. उत्तर मीच दिलं.

पोर तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. "बाबा रागावले का?" हेच तिने पहिल्यांदा विचारलं.

मी प्रार्थनेला जात नाही, जाणाऱ्याला अडवतही नाही. कोणाला बोलावणं आलं तर त्याने खुशाल जावं. पण चमत्कार दाखवणारा सुरी लावू नका म्हणाला, तर पहिली सुरी तिथेच लावा. आणि सोडायचंच असेल तर आपलं सोडा. दुसऱ्याचा श्वास सोडून देण्याचा हक्क कोणत्याही शिष्याला नाही, बापालाही नाही.