सहाव्या खाटेचा ओव्हर

“खाट नंबर सहा,” मी म्हणाले. समोर दुपारपाळीची चष्मेवाली सिस्टर, तिच्यामागे वॉर्डातल्या मावशी, आणि खाटेवर, पांढऱ्या चादरीखाली, आमच्या बाई. “यांची ओळख मी काय करून द्यायची? ज्यांनी आपल्याला या वॉर्डात उभं राहायला शिकवलं, ज्या आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजल्या, अशी सेवेची मूर्ती आज आपल्या...”

पुढचं मला बोलवेना. मावशींनी डोळे पुसले. चष्मेवालीने तर नकळत हात जोडले. मला वाटलं, वा, बाईंना शोभेल असं बोलले. बाईंनी डोळे मिटले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. भरून आलं असेल, असं मी समजले. भलतंच समजण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन पेशंटची माहिती देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ताप किती, सलाईन कितवं, लघवी झाली का, गोळी दिली का. भराभर सांगायचं आणि घरी पळायचं. घरी आमचीही चूल वाट बघत असते. मी नोकरीला लागले तेव्हा सगळ्या असाच ओव्हर द्यायच्या. एक सोडून.

ती एक म्हणजे या बाई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो, त्यामुळे चारचौघांत ‘बाई’ आणि ‘अहो’, पण दोघीच असलो की ‘अगं’. तिचा ओव्हर म्हणजे सगळ्यांना शिक्षा. तिला मागून ‘पाल्हाळबाई’ म्हणायचे. मोठे डॉक्टर दारातूनच विचारायचे, “झाली का कादंबरी?” मेट्रन म्हणायच्या, कामाची आहे, पण जीभ लांब. वॉर्डबॉय मामा म्हणायचे खडूस. मावशी म्हणायच्या, देवमाणूस हो, पण देवाने जरा लवकर आटपावं. आणि मी? मी पायातला बूट जमिनीवर आपटत उभी राहायची.

“दाराजवळच्या आजी,” ती सांगायची, “यांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात. येतं. सून आली की येत नाही. तेव्हा औषधाचं सुनेसमोर विचारू नकोस. मधल्या खाटेवर शिवणकाम करणारी. सुई टोचताना ती हसते. ते हसू घाबरल्याचं आहे, तू उलट हसू नकोस. आणि सलाईन डाव्या हाताला लाव, उजवा तिचा कात्रीचा आहे.”

एकदा कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई आली होती. जेवणाची गाडी दिसली की तोंडाचा पट्टा सुरू. ताट ढकलून द्यायची, मावशींच्या सात पिढ्या काढायची. सगळ्यांनी तिचं नाव ‘भांडकुदळ’ ठेवलं. मी ओव्हर देताना तेच म्हणाले, “कोपऱ्यात भांडकुदळ. सांभाळून.”

“ते तिचं वर्णन नाही,” बाई म्हणाली. “ते तुझ्या सकाळचं वर्णन आहे. तिला कशाने बरं वाटेल, ते सांग.”

“मला काय माहीत? मी काय ज्योतिषी आहे?”

दुसऱ्या दिवशी तिने मला ओव्हर दिला. “कोपऱ्यातल्या काकू. घरातले सगळे जेवल्याशिवाय त्या कधी जेवलेल्या नाहीत. इथे पहिलं ताट त्यांना येतं, त्यांना लाज वाटते, म्हणून भांडतात. आज त्यांना सगळ्यात शेवटी वाढ.”

मी शेवटी वाढलं. काकूंनी वॉर्डभर नजर फिरवली. सगळ्यांची ताटं रिकामी झालेली बघितली, पाय पोटाशी घेतले आणि निमूटपणे सगळं संपवलं. वर मला विचारलं, “तू जेवलीस का गं?” वर्षानुवर्षं मी माणसं बघत होते, आणि ही बाई त्यांना वाचत होती. त्या दिवसापासून मी बूट आपटणं थांबवलं.

ती रिटायर झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी भाषणं ठोकली. वर्षभरातच ती परत आली, ती सहाव्या खाटेवर. पोटातली गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. लग्न केलं नव्हतं, भाऊ होता तो आपल्या संसारात. बरं होणं हा विषय आता संपला होता. उरलेले दिवस माणसासारखे जावेत, एवढंच आमच्या हातात होतं. भरती झाली तेव्हाच तिने माझं मनगट धरून सांगितलं होतं, “माझा ओव्हर तू द्यायचास. नीट दे.” आणि मी तो हा असा दिला होता, सेवेची मूर्ती वगैरे.

ओव्हरनंतर त्या दिवशी रजिस्टरं पुरी करण्यात दोन तास गेले. कपडे बदलून निघताना म्हटलं, बाईंना सांगून जावं. खाटेपाशी गेले तर वास आला. चादर बाजूला केली. खालचं अंथरूण ओलंचिंब. उशाशी पाण्याचा पेला भरलेला, जसाच्या तसा, तिच्या हाताला लागणार नाही इतका लांब. ओठ कोरडे ठणठणीत.

माझा पारा चढला. “अगं ए, इकडे ये!” मी चष्मेवालीला हाक मारली. “डोळे फुटले का तुझे? बेडपॅन विचारलास का यांना?”

ती पोर दोन पावलं मागे सरली. “बाईंना कसं विचारायचं? एवढ्या मोठ्या... मी दोनदा आले सिस्टर, पण त्या डोळे मिटून होत्या. मला वाटलं, त्यांना लागलं तर त्या सांगतील. त्यांना सगळं कळतं ना.”

मावशी मागून म्हणाल्या, “माझीही हिंमत झाली नाही हो. देवाला का बेडपॅन विचारतात?”

“तिला ओरडू नकोस,” खाटेवरून आवाज आला. बारीक, पण धार तीच. “ओव्हर कुणी दिला?”

मी ओली चादर ओढायला वाकले.

“मी मेले का गं? श्रद्धांजली वाहिलीस ती! मूर्तीला तहान लागली तर काय करायचं, ते सांगितलंस कुठे?” तिला धाप लागली. जरा थांबून म्हणाली, “इतके दिवस माझं ऐकलंस आणि माझ्यावर वेळ आली तर भाषण दिलंस. गाढव आहेस.”

मावशींनी आणि मी मिळून तिला कोरडं केलं, चादर बदलली, पाणी पाजलं. कूस बदलताना मी म्हणाले, “सॉरी हं, सॉरी,” तर ती कडाडली, “सॉरी कसलं? हात चालव!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपण ज्याला मान म्हणतो, त्याने या बाईला तहानलेलं ठेवलं होतं.

मग मी घरी फोन करून सांगितलं की आज तुमचं तुम्ही बघा, आणि स्टूल ओढून तिच्या पायथ्याशी बसले. एवढी वर्षं तिने जे केलं, ते एकदा तिच्यासाठी करायचं ठरवलं. नुसतं बघायचं.

भाऊ आला. तिने दारातच त्याला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तो बिचारा तासभर उशाशी बसला. तिच्या झोपलेल्या तोंडाकडे बघून गच्चीच्या गळतीबद्दल, जावयाबद्दल काहीबाही बोलत राहिला, आणि हलक्या पावलांनी गेला. तो वळणावर दिसेनासा होताच तिने डोळे उघडले. “चेहरा उतरलाय त्याचा. औषधं घेतो की नाही, कुणी विचारलं का त्याला?”

“तूच विचारायचं होतंस.”

“माझा आवाज ऐकला असता तर रडला असता,” ती म्हणाली आणि मावशींवर घसरली की खिडकीची काच कुणी पुसलीय, हे पुसणं झालं का. मावशी काच पुन्हा पुसायला लागल्या. मला मनातून हसू येत होतं.

दिवेलागणीच्या आधी मात्र ती एकदम बदलली. “मावशी, जमलं तर जरा पडदा सारता का? राहू दे, तुम्हाला त्रास नको. तुम्ही किती करता माझ्यासाठी.” इतकं मधाळ बोलणं मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मावशी कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्या पायांकडे बघत होते. चादरीखाली पायाची बोटं घट्ट आवळलेली. मी धावत जाऊन सिस्टरला इंजेक्शन द्यायला लावलं. थोड्या वेळाने बोटं सैल झाली, आणि ती मला म्हणाली, “तुला घरदार नाही का? चिकटून काय बसलीस?” तेव्हा मला हायसं वाटलं.

निघताना पडदा ओढायला गेले, म्हटलं शांत झोपेल. तिची मूठ पडद्याच्या कडेवर होती. मी ओढला, ती सोडेना. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी पडदा होता तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाली आली ती चेहरा पाडून. मी सगळ्या खाटा करत सहावीपाशी आले. ती सगळं ऐकत होती, आणि मला जे सांगायचं होतं ते तिने स्वतःशीसुद्धा कधी मान्य केलं नसतं.

“खिडकीपाशी बाई,” मी सुरुवात केली. “या स्वतःहून काही मागणार नाहीत. पाणी पेल्याने ओठाला लावायचं, विचारायचं नाही. बेडपॅन ठरल्या वेळी द्यायचा, तोही न विचारता. हे करताना सॉरी म्हणायचं नाही, त्यांना अपराधी वाटतं. भाऊ आले की झोपेचं सोंग घेतात. ते उघडं पाडायचं नाही, पण भाऊ निघाले की जिन्यापाशी गाठून त्यांनी औषध घेतलं का ते विचारायचं आणि येऊन यांना सांगायचं.”

चष्मेवाली भराभर लिहीत होती.

“लिहू नकोस, यांच्याकडे बघ,” मी म्हणाले. “या ओरडत असल्या, चुका काढत असल्या, तर बरं आहे. खुशाल ओरडून घ्यायचं. पण गोड बोलायला लागल्या, आभार मानायला लागल्या, तर दुखतंय. जितकं गोड, तितकं जास्त. तेव्हा यांचं ‘नको’ ऐकायचं नाही, इंजेक्शन द्यायचं.”

खाटेवर काहीच हालचाल नव्हती. आता सगळ्यात अवघड ते आलं.

“आणि एकट्या पडल्या की यांना भीती वाटते. पडदा कधीही पूर्ण ओढायचा नाही. वॉर्डातले आवाज कानावर पडत राहिले की झोप लागते. म्हणून ओव्हर मोठ्याने द्यायचा, कुठल्याही खाटेचा असो, इथपर्यंत ऐकू यायला हवा.”

शेजारच्या पाच नंबरच्या आजीसुद्धा उठून बसल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता ही मला कच्चं खाणार. आयुष्यभर ताठ कण्याने उभ्या राहिलेल्या बाईची भीती मी चव्हाट्यावर मांडली होती.

बाईंनी हळूच डोळे उघडले. आढ्याकडे बघत म्हणाल्या, “डावा हात राहिला.”

“काय?”

“चादरीबाहेर ठेवायचा. आत कोंडल्यासारखं होतं.” मग माझ्याकडे वळून, “बाकी बरोबर आहे. चल, सातवी खाट घे. रेंगाळत काय राहिलीस इथे?”

मी सातव्या खाटेपाशी गेले आणि तिथल्या पेशंटचं नावच विसरले. हॉस्टेलात असताना ती असं कधी म्हणाली नव्हती, नोकरीत कधी म्हणाली नव्हती. बाकी बरोबर आहे! मला मिळालेल्या सगळ्या कौतुकात त्याच्याजवळ जाईल असं काही नाही.

पुढचा आठवडा तिने सगळ्यांना धारेवर धरलं. मामांनी ट्रॉली आपटली म्हणून, डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून. मामा हसत हसत ऐकून घ्यायचे. मोठे डॉक्टरही मुद्दाम तिच्यापाशी थांबून विचारायचे, “आज काय चुकलं आमचं?” चष्मेवालीचा ओव्हर तर इतका लांबायला लागला की घरी निघालेल्या सिस्टरांचे बूट परत जमिनीवर आपटायला लागले. ते ऐकून बाई डोळे मिटून गालात हसायची.

मग माझी दुपारपाळी लागली. त्या दिवशी मी आणि माझ्या जोडीची सिस्टर वॉर्डात शिरलो, तर ओव्हर द्यायला चष्मेवाली आधीच उभी होती. पहिल्या खाटेपासून सुरुवात करायची सोडून ती मला सरळ खिडकीपाशी घेऊन गेली.

“बाई,” ती म्हणाली आणि चादरीची कड सरळ केली. “सकाळपासून कुणावरही रागावल्या नाहीत.”

मी तिच्याकडे बघितलं. चष्म्यामागे डोळे भरलेले, पण आवाज तिने स्थिर ठेवला होता.

“इंजेक्शन दोनदा दिलं. मोठे डॉक्टर येऊन गेले, तिसऱ्यांदा द्या म्हणाले, तेही दिलं. मावशींना थँक्यू म्हणाल्या. मला ‘बाळा’ म्हणाल्या. भावाला बोलावलंय, निघालेत.”

मी खाटेजवळ गेले. चेहरा मेणासारखा झाला होता. तिने मला ओळखलं.

“आलीस?” ती म्हणाली. “ये ना, बस. किती दमली असशील तू.”

ड्यूटीवर पेशंटच्या खाटेवर टेकायचं नाही, हा नियम तिचाच. एकदा मी टेकले होते तर सगळ्यांदेखत उठवलं होतं मला. मी तिच्या खाटेवर बसले. तिचा डावा हात चादरीबाहेर काढला आणि हातात धरला. वॉर्डाच्या त्या टोकाला चष्मेवाली पहिल्या खाटेपासून ओव्हर द्यायला लागली, मोठ्या आवाजात, इथपर्यंत नीट ऐकू येईल असा.