कानातले मामा

सासरेबुवा जिवंत होते तेव्हा जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे नुसतं "हं" आणि "ऊं". गेल्यावर मात्र तोंडाला खळ नाही! आणि बोलायचे तेही कुठे, तर कानांवर लावायच्या मफमध्ये. फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपरच्या आवाजाने बहिरं होऊ नये म्हणून मफ लावावेच लागतात, आणि हे मफ सासरेबुवांचे, म्हणजे मामांचे होते. जावयाने ते पहिल्यांदा लावून मशीन सुरू केलं. गोंगाट एकदम लांब गेला आणि कानाशी कोणीतरी खाकरलं.

"बाही लोंबतेय, जावईबापू. बटण लाव."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण बाही खरंच लोंबत होती. त्याने मुकाट्याने बटण लावलं.

चिपर म्हणजे चेष्टा नाही. छाटलेल्या फांद्या त्याच्या तोंडात द्यायच्या, आतला पात्यांचा जड ड्रम त्यांचा भुगा करतो. एकदा फांदी पकडली की तिला जे काही अडकलं असेल तेही आत जातं. म्हणून मामांची टकळी दिवसभर चालू. "समोर नको, बाजूला उभा राहा." "बुडखा आधी घाल." "काटक्या हाताने ढकलतोस? लांब काठी घे, शहाण्या!" एकदा म्हणाले, "अंगठी काढ. माझी पोरगी कुठे पळून जात नाही!"

बायकोने आधी त्याला वेड्यात काढलं. अंगठीचं ऐकलं मात्र, आणि ती हसता हसता रडायला लागली. "बाबाच ते!" तेव्हापासून रोज जेवताना तिचा एकच प्रश्न, आज बाबा काय म्हणाले? तिचे दिवस भरत आले होते. "ते आहेत ना तुझ्या पाठीशी, मग मला घोर नाही," असं ती म्हणायची.

त्यालाही घोर राहिला नाही, हीच तर पंचाईत झाली. बाही मामा बघतील, फांदी मामा बघतील, असं म्हणत त्याने स्वतः बघणंच सोडून दिलं.

एका दुपारी दोन फाट्यांची फांदी मशीनच्या घशात आडवी अडकली. त्याने इंजिन बंद केलं. कामावरचा जोडीदार लांब ट्रकवर भुसा पसरत होता.

"थांबलं," मामा म्हणाले. "आता हात घाल आणि ओढून काढ. चल, आटप."

त्याने वाकून कोपरापर्यंत हात आत घातला. तेवढ्यात पत्र्याला टेकलेल्या गुडघ्याला बारीक थरथर लागली. त्याने झटक्यात हात मागे घेतला आणि मफ काढले. आत खोल कुठेतरी घर्रर्र चाललं होतं. इंजिन बंद होतं, पण ड्रम आपल्या वजनाने फिरतच होता.

 गेल्या वर्षी मामांनी असंच, इथेच, मफ लावून हात घातला होता. हात गेला आणि हातामागून मामाही गेले. मामांनी आजवर त्याला एकही गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली नव्हती. त्यांना माहीत होतं तेवढं सगळं बरोबर सांगत होते. इंजिन बंद केल्यावरही ड्रम फिरतो, हे एवढं त्यांना कधी कळलंच नव्हतं.

घरघर पूर्ण थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग किल्ली खिशात टाकली, काठीने फांदी सैल केली आणि बाहेर ओढली. मफ तिथेच फेकून घरी पळावं असं त्याला फार वाटलं. पण ज्या माणसाने त्याला एवढं जपलं, त्याला असं अंधारात ठेवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने मफ पुन्हा लावले.

"निघाली का?" मामांनी खुशीत विचारलं.

"निघाली. पण मामा, ड्रम फिरत होता."

"छे! बंद केलं होतं की. मी स्वतः केलं होतं."

"इंजिन बंद केलं होतंत. ड्रम तेव्हाही फिरतच होता."

  मग मामांचा आवाज आला, अगदी बारीक, चाचरत.

"पोरीला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, मामा. तुम्हालाच सांगायचं राहून गेलं."