इंचाला चौदा दाते

"काका, बटण दाबा ना! डेअरीची गाडी पाचला निघणार म्हणतेत," विक्रम म्हणाला. शेडचा मालक तो, पण हिम्मतरावांना काकाच म्हणायचा.

हिम्मतरावांचा हात बटणावर होता, पण दाबवेना. हैदराबादेत कुकटपल्लीच्या या शेडमध्ये एकोणतीस वर्षं ते बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर, धातू कापत आले होते. माणूस तसा तोऱ्याचा. नवे इंजिनिअर तक्ते उघडून बसत, तोवर हे भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या ब्लेडांतून नेमकं हवं ते उतरवत. "पातळ मालाला बारीक दाते, जाड मालाला मोठे. बाकी सगळं पुस्तकी," असं वर ऐकवत.

आज मशीनमध्ये डेअरीच्या कामाचा स्टेनलेसचा पाइप आवळलेला होता, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. असा पाइप हा एकच उरला होता. त्याला इंचाला चौदा दात्यांचं ब्लेड हवं. चुकून आठ दात्यांचं लागलं, तर दाते पाइपात अडकणार, पाइप चेपणार आणि मालाचं वाटोळं होणार.

खरी गोष्ट अशी की ब्लेडवरचा आकडा हिम्मतरावांना दिवाळीपासून वाचता येत नव्हता. साखरेनं डोळे खाल्ले होते, आणि गेलेली नजर परत यायची नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. घरी बायको जयवंताबाई सोडल्या तर कुणालाच याचा पत्ता नव्हता. कुठल्या खिळ्यावर काय हे पाठ होतं, म्हणून भागत होतं. आणि आत्ता, ब्लेड चढवून झाल्यावर, स्टोअरची सत्यवती जाता जाता म्हणाली होती, "चाचा, दीवार देखे क्या? आडिट है बोलके सब उतारको पोंछी, फिरसे टांगी!"

म्हणजे आता कुठल्या खिळ्यावर काय, याचा भरवसाच उरला नव्हता.

त्यांनी मेन स्विच बंद केला. अंगठ्याचं पेर म्हणजे साधारण इंच; ते ब्लेडला लावून नखानं दाते मोजले. तेरा. पुन्हा मोजले तर नऊ. बोटंही बधिर झाली आहेत, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

"काय झालं, काका?"

"काही नाही. ताण बघतो."

खोटं बोलताना कानशिलं तापली. चालू करून टाकावं का? चौदाचंच असेल. नसलं तर ब्लेडच खराब होतं म्हणता येईल. पण असं म्हणणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते आणि त्यांना तोंडावर शिव्याही घातल्या होत्या.

"सत्यवती, इधर आ अम्मा. इसके दाते गिन. एक इंच में कितने?"

ती हसली. "मैं? आपकू गिनके बतौं?"

"हौ. मेरेकू दिखता नहीं."

विक्रमनं मोबाइलमधून मान वर केली. सत्यवतीचं हसू मावळलं. तिनं पट्टी लावली, ओठ हलवत मोजलं.

"आठ, चाचा."

हातमोजे घालून हिम्मतरावांनी ब्लेड उतरवलं. सत्यवतीनं भिंतीवरचे आकडे एकेक वाचले आणि चौदाचं आणून दिलं. त्यांनी ते चढवलं, ताणलं आणि अगदी हळू पाइपावर सोडलं. पाच तुकडे निघाले, पाचांच्याही कडा साफ.

गाडी गेल्यावर विक्रम जवळ आला. "काका, उद्या बोट गेलं तर काकूला मी काय सांगू? उद्यापासून मशीन नक्को. स्टोअरला बसा."

"हौ," हिम्मतराव एवढंच म्हणाले. विक्रमचं चुकत नव्हतं, हे जास्त लागलं.

विक्रम गेला. हिम्मतरावांनी मशीनवरचा धातूचा कीस ब्रशनं झाडला, आणि मग सत्यवतीला बोलावून ब्लेडचा ताण कमी-जास्त करायचं चाक दाखवलं.

"घर जाने से पहले ढीला करना. रोज. तीन फेरे. नवा आया तो उसकू बोल."

तिनं चाक धरलं. हिम्मतराव बाजूला उभे राहून फेरे मोजू लागले.