डिकी रिकामी आहे ना?

मी एक जुना ट्रेलर आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर तुमच्यावर माझा फारसा विश्वास नाही. राग मानू नका. माझी सारी हयात भाड्याने जाण्यात गेली. भाड्याच्या वस्तूला लोक कसे वागवतात ते मी मागून पाहिले आहे, आणि मागून माणूस फार स्पष्ट दिसतो.

माझे काम साधे आहे. एक मोटार पाठीवर घ्यायची आणि पुढच्या मोठ्या गाडीमागे निमूट चालायचे. ज्या कारखान्यात माझा सांगाडा जोडला तिथे मला पिवळा रंग दिला होता. चार चाके, मोटार चढवायला दोन लोखंडी फळ्या, तिची चाके आवळायला पट्टे आणि पुढे एक लांब दांडा. त्या दांड्याला मी माझे नाक म्हणतो. नवा होतो तेव्हा लोक माझ्या अंगावरून हात फिरवत. मग एकाने मला बिटाच्या शेताच्या कडेला सोडून दिले आणि अख्खा हिवाळा तो फिरकला नाही. उंदरांनी माझ्या दिव्यांच्या तारा कुरतडल्या. दुसऱ्याने माझ्यावरून गाय नेली आणि धुण्याचे नाव काढले नाही. तेव्हापासून कोणी गोड बोलत जवळ आले की मी आधी त्याचे हात पाहतो.

साउथ डकोटातल्या एका छोट्या गावात डार्ला नावाच्या बाईच्या आवारात मी उभा असे. पानगळ लागली की उत्तरेतली म्हातारी माणसे दक्षिणेच्या उन्हाकडे निघतात. कोणी मोटरहोम घेतो, म्हणजे चूल, बिछाना, मोरी सगळे पोटात असलेली बस. मागे मोटारही हवी, कारण दुधासाठी अख्खे घर बाजारात कोण नेणार? मग त्यांना माझी आठवण होते.

त्या वर्षी व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिस आली. शेती मुलांनी घेतली नव्हती, म्हणून दोघांनी ती विकली. अवजारे, भांडी, खुर्च्या, सगळे अंगणात मांडून लिलाव केला. शेजाऱ्यांनी कॉफी पीत पीत त्यांचा संसार उचलून नेला. वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती बरोबर घ्यायची नाही, असे दोघांनी ठरवले होते. आता हिवाळाभर ॲरिझोना.

व्हर्लिनने मला पाहिले आणि पहिली गोष्ट काय केली? माझ्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. उद्या त्याच्यावर आळ यायला नको म्हणून. चाकांना लाथा मारल्या, पट्टे ओढून पाहिले, आणि बायकोला म्हणाला की हा वाकडा वाटतो. तो माझ्यावर संशय घेत होता आणि मी त्याच्यावर. मोटार पाठीवर चढली तेव्हा तर माझी खात्रीच पटली, कारण माझे नाक हलके झाले.

हे नीट समजून घ्या, कारण पुढे जिवाशी गाठ आहे. बैलगाडीत ओझे मागे पडले की ती उलाळते, हे तुमच्या घरातल्या थोरांना ठाऊक असेल. माझेही तसेच आहे. भार पुढे हवा, म्हणजे माझे नाक पुढच्या गाडीच्या मागच्या लोखंडी आकड्यावर दाबून बसते. भार मागे गेला की नाक उचलते आणि शेपूट ऐकेनासे होते. थोडा वारा, थोडा उतार, आणि मी डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. उतार मोठा असला तर पुढच्या गाडीलाही घेऊन दरीत जातो. माझी इच्छा नसली तरी.

डार्लाने नेहमीचा प्रश्न विचारला.

"डिकी रिकामी आहे ना?"

"रिकामी," व्हर्लिन म्हणाला.

"रिकामी," आर्डिसही म्हणाली, त्याच क्षणी.

दोघेही जरा जास्तच लवकर बोलले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. पण डार्लाला दुसरे गिऱ्हाईक होते, आणि त्या भागात कोणी हो म्हटल्यावर पुन्हा विचारणे असभ्य समजतात. तिने हात हलवून निरोप दिला.

नेब्रास्काच्या सपाटीवर वाऱ्याने पहिला झोका दिला. व्हर्लिनने वेग कमी केला आणि म्हणाला, ट्रेलर वाकडा आहे, मी आधीच म्हटलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडे! आर्डिस काहीच बोलली नाही. मला ते खटकले. जी बाई त्याच्या टोपीपासून दाढीपर्यंत सगळ्यात चुका काढत होती, ती इथेच गप्प का? संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर तो पाण्याची नळी जोडत असताना ती मागे आली, डिकीवर हात ठेवून उभी राहिली आणि तशीच परत गेली. थोड्या वेळाने तोही आला. त्यानेही डिकीकडे पाहिले आणि उगाच माझा एक पट्टा आवळला. मी मनात म्हटले, ही दोघे काहीतरी लपवताहेत, आणि आळ माझ्यावर येणार आहे.

न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर घाट लागतो. चढ संपता संपता एक छोटा उतार आहे. तिथे शेजारून मालाचा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने मी डावीकडे फेकला गेलो, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मोटरहोमची मागची बाजू माझ्याबरोबर पलीकडच्या लेनमध्ये गेली. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत राहिला. व्हर्लिन ब्रेकवर नाचला नाही, एवढे त्याचे मानतो. त्याने स्टिअरिंग घट्ट धरले, वेग आपोआप उतरू दिला आणि माथ्यावर ट्रकांसाठी सोडलेल्या जागेत गाडी घेतली. पुढे लांबलचक उतार होता. फलकावर लिहिले होते की ब्रेक तपासा.

दोघे खाली उतरली. आर्डिसच्या अंगावर कॉफी सांडली होती. व्हर्लिनने माझ्याभोवती एक फेरी मारली. मला तिथेच सोडायचे त्याने ठरवले. डार्लाला फोन करायचा, मोटार उतरवायची, तो मोटरहोम चालवील आणि आर्डिस मोटार घेऊन मागून येईल. मला बिटाचे शेत आठवले.

"नाही," आर्डिस म्हणाली. "मी मागून येणार नाही."

"एवढा घाट तर उतरायचाय."

"जन्मभर मागूनच आले मी. तू ट्रॅक्टरवर पुढे, मी धान्याचा ट्रक घेऊन मागे. तू कापणीच्या यंत्रात, मी डबा घेऊन मागे. एकदा तरी शेजारी बसून एका काचेतून रस्ता बघायचा म्हणून हा ट्रेलर घेतला ना आपण?"

तो पायाने खडे उडवत राहिला. आर्डिस डिकीपाशी गेली.

"ट्रेलर वाकडा नाही, व्हर्लिन. डिकी उघड."

"त्यात काय बघायचंय? रिकामी आहे."

"उघड म्हणते ना."

तो उघडेना, म्हणून तिनेच उघडली. आत व्हर्लिनच्या जुन्या शर्टांत गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या होत्या. बीट, शेपू घातलेल्या काकड्या, आलुबुखार. तिच्या तळघरातले सगळे उन्हाळे तिथे दाटीवाटीने बसले होते. या बरण्या चर्चला देऊन टाकल्या असे तिने सांगितले होते. आता खाली बघून ती म्हणाली की काही दिल्या, या नाही देववल्या. ती बोलणी खायला तयार उभी होती.

बोलणी आलीच नाहीत. व्हर्लिन घाटाकडे बघत होता.

"ओरडत का नाहीस तू?" तिने विचारले. तिच्या आवाजात आता माझ्यासारखाच संशय होता. "तू गप्प बसलास म्हणजे काहीतरी आहे."

"बरण्या काढ," तो म्हणाला, "आणि स्टेपनीचं झाकण उचल."

तिने उचलले. स्टेपनी नव्हती. तिच्या जागी त्याच्या वडिलांची ऐरण होती, हातोड्या आणि सांडशांसकट.

"ही तर लिलावाच्या आदल्या दिवशी चोरीला गेली होती. एल्रॉयने उचलली म्हणालास."

"मी नाही म्हणालो. तू म्हणालीस. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"शेजार जन्माचा, आणि मी त्याच्या बायकोशी धड बोलले नाही निघताना." तिने स्टेपनीचे झाकण बाजूला ठेवले. "आणि आपण स्टेपनीशिवाय निघालो?"

"तुझ्या बरण्यांशिवाय तरी निघालो नाही," तो म्हणाला, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता आर्डिस रडली. मेलो असतो रे आपण, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. लोणच्यासाठी मेलो असतो.

आधी तिने त्याला एल्रॉयला फोन करायला लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही, पण त्याचे कान लाल झालेले दिसले. मग दोघांनी ऐरण दोन बाजूंनी धरली आणि टेकवत टेकवत मोटरहोममध्ये नेऊन पुढच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये पट्ट्याने बांधली. बरण्या स्वयंपाकाच्या कपाटांत गेल्या. एकही वस्तू फेकावी लागली नाही, मित्रांनो. नुसती मागून पुढे आणावी लागली. माझे नाक आकड्यावर दाबून बसले आणि तो सगळा घाट मी शहाण्या बैलासारखा उतरलो. पायथ्याशी थांबल्यावर व्हर्लिन मागे आला. माफी वगैरे मागितली नाही, त्यांच्यात ती पद्धत नाही. माझ्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून तो जरा उभा राहिला. हात गरम होता.

ॲरिझोनात मला परत करताना तिथल्या माणसाने विचारले, काही तक्रार? व्हर्लिन म्हणाला, ट्रेलरची नाही.

आता मी इथल्या उन्हात उभा असतो. रंग उडाला आहे, एका चाकात हवा कमी आहे, आणि चाकाच्या आतले वंगण सुकले आहे. माझी काळजी घ्या, हवा बघा, वंगण घाला, पट्टे आवळा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. जे जड आहे आणि टाकवत नाही, ते मागे दडवू नका. पुढे आणा, दोघांच्या मध्ये ठेवा, दिसू द्या. पुढचे ओझे गाडी ओढून नेते. दडवलेले ओझे गाडीला घेऊन जाते.

आजच सकाळी एक जोडपे मला न्यायला आले. बाई हसरी, बुवा सभ्य. माझ्यावरची धूळही त्याने पुसली. मोटार चढवून झाल्यावर इथल्या आवारातल्या माणसाने विचारले, "डिकी रिकामी आहे ना?"

"रिकामी," दोघे एकदम म्हणाली.

आणि मित्रांनो, माझे नाक हलके झाले.