उंबऱ्याबाहेरच्या चपला

"आई, चपला आत घेऊ दे. बाहेर ढीग दिसला का त्या पोट्ट्यायले समजते, प्रार्थना चालू आहे म्हणून." पूर्णिमा वाकून एकेक जोड उचलू लागली.

"ठेव खाली!" एस्तेरबाई कडाडल्या. "देवासमोर चपला आणते का कोणी? चोरी करून राहिलो का आपण?"

गुढियारीतल्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी सतरंजी अंथरायची, टाळ काढायचे, भजनं म्हणायची, ही रीत एस्तेरबाईंच्या सासऱ्यांपासूनची. ते विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला इथे हिंदी मुलखात आले, तेच ख्रिस्ती म्हणून. तेव्हा अख्खा पारा, सगळा मोहल्ला, नाताळच्या करंज्या हक्काने मागून न्यायचा. आणि मागच्या रविवारी समोरच्या लताचा राकेश मोटरसायकलवर बसल्या बसल्या विचारतो, "किसका धरम बदल रहे हो, सिस्टरबाई?" ज्या नर्सने त्याची नाळ कापली, जन्मल्यावर रडेना म्हणून पाठीवर थापट्या मारून रडवला, तिला हा प्रश्न! आठवडाभर त्यांना घास गोड लागला नव्हता. प्रार्थनेत क्षमेच्या ओळीपाशी आलं की जीभच अडायची.

आज मोजकीच माणसं आली होती. म्हातारे तुळशीराम हळूच म्हणाले, "सिस्टरबाई, मनातल्या मनात म्हणू ना. आवाज काहून पाहिजे?"

"मनातल्या मनात मी शिव्या देऊन राहिली, भाऊ. भजन मोठ्यानंच होईल."

टाळ वाजले. भजन संपल्यावर एस्तेरबाईंनी डोळे मिटले. पाठ असलेले शब्द आलेच नाहीत. "प्रभू, मले त्या पोट्ट्याचा लय राग येते," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तुयापासून काय लपवू? आता हा राग तूच धर. मी थकली."

बाहेर मोटरसायकल थांबली, धपाधप आवाज झाले, कोणीतरी हसलं, गाडी भरधाव निघून गेली. एस्तेरबाईंनी डोळे उघडले नाहीत. हात मांडीवर निवांत पडले होते.

दार उघडलं तर साऱ्या चपला नालीत.

"पुलिसले फोन करते मी!" पूर्णिमाला रडू फुटलं.

"कर. करायलाच पाहिजे." एस्तेरबाई अनवाणीच नालीपाशी गेल्या. एकेक चप्पल काढून नळाखाली घासू लागल्या. दारादारांतून माणसं बघत होती. पुढे कोणी आलं नाही. शेवटी हाताला निळ्या पट्ट्याची, मोठ्या मापाची चप्पल लागली. लाथ मारताना मारणाऱ्याच्याच पायातून सुटलेली. मागच्या रविवारी मोटरसायकलवरच्या पायात त्यांनी ती पाहिली होती.

"फेक ना ते, आई!"

त्यांनी तीही घासली, नखाने चिखल काढून. समोर लता तोंडाशी पदर धरून उभी होती.

"लता, राकेशले सांग, वाळली का घेऊन जा म्हणा. आन् दार वाजवून ये म्हणा. आम्ही आतच असतो."

उंबऱ्याबाहेर उन्हात चपलांची ओळ लागली. जोडीजोडीने. टोकाला एक, एकटीच, दाराकडे तोंड करून.